वाचनालयाची किल्ली कोणाकडे?

भुसावळहून मुक्ताईनगरच्या रस्त्याला लागलं, की दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या मागे पडतात आणि थोड्याच वेळात वरणगाव येतं. गाडीतून जाणाऱ्याला वरणगाव म्हणजे ऑर्डनन्स फॅक्टरी, एवढंच ठाऊक असतं. १९६४ साली उभा राहिलेला हा कारखाना लष्कराच्या बंदुकांसाठी काडतुसं बनवतो. २०२१मध्ये तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत गेला. गावाच्या तोंडी मात्र तो आजही नुसता 'फॅक्टरी'. फॅक्टरीची वसाहत आखीव, गावठाण वेडंवाकडं, आणि दोघांच्या मध्ये वाढत गेलेली नवी प्लॉटांची वस्ती. ग्रामपंचायतीची नगर परिषद झाली, रस्ता चौपदरी झाला. संध्याकाळी सात वाजता मात्र गावानं बसायचं कुठे, हा प्रश्न तसाच आहे. तरुण पोरं टपरीवर, नाहीतर मोबाइलच्या दुकानासमोर. पोलीस भरतीचा नाहीतर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी असतील, तर महिन्याचे पैसे भरून खासगी अभ्यासिकेत. म्हातारी माणसं देवळाच्या ओट्यावर. बायका घरात.

या प्रश्नाला आपल्या मुलखात एक जुनं उत्तर होतं: सार्वजनिक वाचनालय. खानदेशातल्या जुन्या बाजारपेठेच्या गावांत अशा इमारती लांबूनही ओळखू येतात. दगडी जोतं, कमानीचं दार, दारावर स्थापनेचं साल लिहिलेली पाटी, आणि बऱ्याचदा दाराला कुलूप. या इमारतींचं करायचं काय, असा विषय निघाला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: पाडा, खाली गाळे काढा, वर वाचनालय करा. दुसरं उत्तर अलीकडचं आहे: जीर्णोद्धार करा आणि 'कम्युनिटी सेंटर' करा. मला दुसरं पटतं. पण त्याची चर्चा ज्या क्रमानं होते, तो क्रम पटत नाही. आधी इमारतीचं चित्र येतं, मग निधी, मग उद्घाटनाला कोणाला बोलवायचं. रोज कुलूप कोण उघडणार आणि त्याला पगार कुठून द्यायचा, ही गोष्ट शेवटी येते, किंवा येतच नाही. माझ्या मते दुरुस्तीच्या फायलीतला पहिला कागद तोच असायला हवा. का, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल, आणि एकदा मुंबईलाही.

मराठी मुलखात ही संस्था फार लवकर रुजली. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं. पुण्यात १८४८मध्ये लोकहितवादींच्या पुढाकारानं नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, तीच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. कल्याणचं वाचनालय १८६४चं. जळगावचं १८७७चं; वल्लभदास वालजींच्या नावानं ते आज 'व. वा. वाचनालय' म्हणून ओळखलं जातं. रेल्वे भुसावळवरून १८६७मध्ये नागपूरपर्यंत पोचली, त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी ते निघालं. कापसाचा पैसा, रेल्वेनं येणारी वर्तमानपत्रं, कोर्टकचेरीतले वकील आणि शाळांतले मास्तर हे सगळं एका ठिकाणी जमलं, की वाचनालय निघायचं. नावात 'जनरल' असलं, तरी ते खरोखर सगळ्यांचं नव्हतं. वर्गणी परवडणाऱ्या, वाचता येणाऱ्या आणि बहुतेक करून वरच्या जातींतल्या पुरुषांचं ते होतं. आज 'समाजकेंद्र' म्हणताना हे विसरून चालणार नाही. जुनं वैभव परत आणायचं म्हणजे जुनं गिऱ्हाईकही परत आणायचं, असं नाही.

पण ती जागा नुसती वाचायची कधीच नव्हती. सभा, व्याख्यानं, निवेदनांवर सह्या, दुष्काळात वर्गणी, सगळं तिथेच व्हायचं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे 'सावाना', आजही पाहावं. पुस्तकांच्या जोडीला वस्तुसंग्रहालय आहे, सभागृह आहे, परशुराम साईखेडकर नाट्यगृह आहे, आणि संस्थेची निवडणूक शहरात चर्चेचा विषय होते. वाचनालयाच्या निवडणुकीत गावाला रस असणं, ही मी त्या संस्थेची प्रकृती ठणठणीत असल्याची खूण मानतो. पार्ल्याची लोकमान्य सेवा संघ ही १९२३ सालची संस्था अशीच, ग्रंथालयासह अनेक उपक्रम एका अंगणात चालवणारी. आणि आपल्या धुळ्यात? इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यात गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या दप्तरासाठी लोकांनी संशोधन मंडळ उभं केलं. समर्थ वाग्देवता मंदिरात शंकरराव देवांनी गावोगावच्या मठांतून आणलेली रामदासी बाडं आहेत. अमळनेरला १९१६मध्ये प्रताप शेठांच्या पैशातून तत्त्वज्ञान मंदिर झालं आणि तिथे शिकायला आलेले साने गुरुजी पुढे खानदेशचे होऊन गेले. कागदासाठी घर बांधायचं, ही खानदेशाला नवी गोष्ट नाही.

आता मुंबई. काळा घोडा भागात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या शेजारी, मालाडच्या पिवळट दगडातली डेव्हिड ससून लायब्ररी उभी आहे. वरणगावच्या वाचकाला तिचं काय, असं वाटेल. पण तिची सुरुवात बघा. १८४७ साली टाकसाळीतल्या आणि गोदीतल्या यंत्रकामगारांनी एक संस्था काढली, मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट. दिवसभर यंत्रावर काम करणाऱ्यानं संध्याकाळी यंत्रशास्त्राचं पुस्तक वाचावं, नमुने बघावेत, व्याख्यान ऐकावं, हा हेतू. पुढे बगदादहून आलेल्या ज्यू व्यापारी ससून घराण्यानं मोठी देणगी दिली आणि १८७०मध्ये आजची इमारत पुरी झाली. म्हणजे ज्या इमारतीला आपण श्रीमंतांचा वारसा समजतो, तिच्या मुळाशी कारखान्यातला माणूस आहे. भुसावळचं लोको शेड, भुसावळची आणि वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी, दीपनगर. या पट्ट्यात फिटर, टर्नर, मशिनिस्टांच्या दोन-तीन पिढ्या झाल्या. मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट हवीच असेल, तर ती मुंबईपेक्षा इथे शोभेल.

ससून लायब्ररीचा जीर्णोद्धार वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली झाला आणि २०२३मध्ये इमारत पुन्हा खुली झाली. पैसा आला तो उद्योगांच्या प्रतिष्ठानांकडून आणि काळा घोडा असोसिएशनकडून. या कामातली एक गोष्ट गावोगावच्या वाचनालयांच्या कार्यकारिणीनं मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. इमारतीचं मूळ छप्पर उतरतं होतं. १९६०च्या दशकात ते काढून त्या जागी सिमेंट-काँक्रीटचा सपाट स्लॅब टाकला गेला. त्या काळी तो नक्कीच शहाणपणाचा निर्णय वाटला असणार. गळती थांबेल, कटकट मिटेल. जीर्णोद्धारात सगळ्यात मोठं काम ठरलं ते हाच स्लॅब उतरवून मूळ घाटाचं उतरतं छप्पर परत घालण्याचं. आधीच्या दुरुस्तीची दुरुस्ती.

मुंबईतलंच दुसरं उदाहरण फोर्टमधल्या जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटचं. १८५६मध्ये पारशी तरुणांनी सुरू केलेल्या या ग्रंथालयाची इमारत १८९८ची. वास्तुविशारद विकास दिलावरी यांनी केलेल्या तिच्या जतनकामाला २०१५मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. मुंबईला १९९५पासून वारसा इमारतींची नियमावली आहे, यादी आहे, समिती आहे, देणगीदार आहेत. आपल्याकडच्या छोट्या नगर परिषदांत यादीच नसते. त्यामुळे जुनी इमारत एकतर 'धोकादायक' ठरते, नाहीतर नजरेतून सुटते. मधली पायरी नाही.

म्हणून इमारतीकडे जरा जवळून बघू. तापीच्या खोऱ्यात गावठाण पांढरीवर आणि शेती काळीवर, ही विभागणी उगाच नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरची भिंत तिच्याबरोबर हलते. जुन्या गवंड्यांना हे माहीत होतं. पाया खोल, जोतं दगडी आणि उंच, भिंती मातीच्या किंवा विटांच्या, दीड-दोन हात रुंद. वर धाबं: सागाचे खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या नाहीतर काटक्यांचा थर, आणि त्यावर चोपलेली माती. पावसाळ्याआधी दर वर्षी धाब्यावर खारी माती टाकायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळिसाच्या पुढे असतो, तेव्हा अशा खोलीत दुपारी बसता येतं. आजच्या स्लॅबखाली पंखा फक्त गरम हवा फिरवतो.

अशी इमारत मरते कशी? एका पावसात सहसा नाही. आधी धाब्यावर खारी टाकायचं बंद होतं, कारण ते काम करणारा माणूस म्हातारा झालेला असतो आणि वर्गणीतून त्याची मजुरी निघत नाही. पन्हाळीत पिंपळ उगवतो. कड्यांची टोकं जिथे भिंतीत गेलेली असतात, नेमकं तिथे पाणी मुरतं. वरून लाकूड साबूत दिसतं आणि आतून उधईनं भुगा केलेला असतो. मग कोणीतरी तळमळीचा पदाधिकारी पुढे होतो आणि भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतो, वर ऑइलपेंट. चार वर्षं इमारत छान दिसते. आत मात्र उलटं चाललेलं असतं. मातीच्या आणि चुन्याच्या भिंतीत जमिनीतून ओल चढतच असते. चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर उडून जायची. सिमेंटनं ती वाट बंद होते. ओल आणखी वर चढते, क्षार फुटतात, लोणा लागतो, गिलाव्याचे पोपडे सुटतात, आणि भिंतीला टेकवलेल्या कपाटातल्या खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं सगळ्यात आधी जातात. नेमकी तीच सगळ्यात जुनी असतात, कारण नवी पुस्तकं हाताशी वर ठेवलेली असतात.

उपाय महाग नाही, पण सावकाश आहे. सिमेंटचा गिलावा खरवडून भिंत सुकू द्यायची. चुना विरवून मुरवायचा, त्यात वाळू आणि विटांचा चुरा घालायचा, पातळ थर देऊन प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत हळूहळू घट्ट होतो. त्याला घाई केली तर तडे जातात. सरकारी निविदेला मात्र मार्चअखेरची घाई असते. अभियंत्याच्या हाताला सिमेंटच्या कलमांची सवय, ठेकेदाराकडे चुन्याचा गवंडी नाही, आणि कार्यकारिणीतला अनुभवी माणूस म्हणतो, "भाऊ, एकदाचा स्लॅब टाका, पन्नास वर्षं बघायला नको." त्या भाऊंच्या हेतूत खोट नसते. पण मातीच्या भिंतीवर स्लॅबचं ओझं चढवलं, की भिंत वाकते. आणि भिंत पाडून खांब उभे करायचे, तर जीर्णोद्धार कसला राहिला?

ओझ्याचा विषय निघालाच आहे, तर एक हिशेब सांगतो. इमारतीवर किती भार धरावा याचं भारतीय मानक आहे. राहत्या घराच्या खोलीला चौरस मीटरमागे सुमारे २०० किलो धरतात. खुर्च्या हलवता येतील अशा सभेच्या दालनाला सुमारे ५००. पुस्तकांच्या कपाटांनी भरलेल्या कोठाराला ६००, तेही कपाटं सव्वादोन मीटर उंच असतील तर. उंची वाढली की भारही वाढतो. म्हणजे लाकडी माडीवर पुस्तकांची कपाटं चढवणं, किंवा तिथे हळदी-कुंकवाला दीडशे बायका बोलावणं, हे दोन्ही इमारतीच्या जिवावर बेतू शकतं. जुन्या इमारतीचं समाजकेंद्र करताना पुस्तकं तळमजल्यावर आणि भिंतीपासून हातभर दूर. माडीवर हलकं काम, अभ्यासाची टेबलं किंवा लहान मुलांचा वर्ग. आणि मोठी सभा अंगणात मांडवाखाली. ससून लायब्ररीच्या मागच्या बागेत काळा घोडा महोत्सवातले साहित्याचे कार्यक्रम होतात, ते असेच उघड्यावर. इमारतीला जे झेपत नाही ते अंगणानं पेलावं.

आता पैसा. इथे खानदेशाचं एक देणं आहे, जे आपण पुरेसं सांगत नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा, तो अमलात आला १ मे १९६८ला. त्या वेळी शिक्षणमंत्री होते मधुकरराव चौधरी, म्हणजे रावेर तालुक्यातल्या खिरोद्याचे बाळासाहेब. तापीपलीकडचं खिरोदा वरणगावहून फार लांब नाही. त्यांचे वडील धनाजी नाना चौधरी १९३६च्या फैजपूर काँग्रेसच्या उभारणीतले. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, नंदलाल बोस यांच्या हाताखाली बांबू-चटयांनी सजलेलं. त्या घरातला माणूस मंत्री झाल्यावर ग्रंथालयाचा कायदा आला, हा मला नुसता योगायोग वाटत नाही. त्याआधी मुंबई इलाख्यात फैजी समितीनं १९४०मध्ये ग्रंथालयांची चढती रचना सुचवली होती. कायदा होईपर्यंत मध्ये सत्तावीस वर्षं गेली.

कायद्यानं मोठं काम केलं. आज राज्यात अकरा-बारा हजार अनुदानित वाचनालयं आहेत ती त्याच्यामुळे. पण एक गोष्ट त्यात राहिली. मद्रासच्या १९४८च्या आणि कर्नाटकाच्या १९६५च्या कायद्यात ग्रंथालयासाठी स्थानिक करावर उपकर घेण्याची सोय आहे. महाराष्ट्रानं उपकर टाळला आणि सरकारनं ग्रंथालय निधीत दर वर्षी किमान २५ लाख रुपये द्यावेत, असं लिहिलं. सरकार त्यापेक्षा कितीतरी जास्त देतं, हे खरं. पण ते सरकारच्या मर्जीनं मिळतं, गावाच्या हक्कानं नाही. अ, ब, क, ड असे वर्ग, वर्गाप्रमाणे अनुदान, आणि त्या अनुदानातला निम्मा भाग पगारावर, उरलेल्यातला निम्मा पुस्तकांवर, राहिलेला वीज, वर्तमानपत्रं, झाडलोट या खर्चावर. ड वर्गाच्या वाचनालयाच्या ग्रंथपालाला जे मिळतं, त्यात भुसावळला रोजची ये-जा करणाऱ्याचं भाडं आणि चहा सुटला तरी नशीब. छपराच्या कडीला यात रकाना कुठे? इमारतीसाठी राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजना आहेत, पण त्यांना लागतात ती सगळी कागदपत्रं हातात असणारी संस्था सहसा अशी मोडकळीला आलेलीच नसते.

कारण कागद हाच अनेक वाचनालयांचा खरा रोग आहे. वाचनालय म्हणजे नोंदणीकृत संस्था आणि सार्वजनिक न्यास. विश्वस्त बदलले, की धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. एक रिपोर्ट अडकला की पुढचे सगळे अडकतात, आणि कागदोपत्री वाचनालय पंधरा वर्षांपूर्वी वारलेल्या माणसांच्या नावावर चालू राहतं. खाली गाळे काढून भाड्यानं देण्याची कल्पनाही इथेच अडखळते. न्यासाची इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. ती न घेता केलेले व्यवहार पुढे कोर्टात जातात आणि मग इमारतीला हातही लावता येत नाही. जीर्णोद्धार समितीत वास्तुविशारदाआधी एक चिकाटीचा वकील घ्यावा, हे मी गमतीनं म्हणत नाही.

इमारतीचा पैसा आणि चालवण्याचा पैसा वेगळे, हे ज्या माणसानं सगळ्यात कठोरपणे ओळखलं तो अँड्र्यू कार्नेगी. १८८३ ते १९२९ या काळात त्याच्या पैशातून जगभर २,५०९ ग्रंथालयं झाली, त्यातली १,६८९ अमेरिकेत. तो फक्त इमारत द्यायचा. अट अशी, की जागा गावानं द्यायची आणि इमारतीला जेवढा खर्च आला त्याच्या दहा टक्के रक्कम दर वर्षी स्वतःच्या करातून ग्रंथालय चालवायला काढायची. काही गावांना ही अट जाचक वाटली, त्यांनी इमारत नाकारली. ज्या उभ्या राहिल्या, त्यांतल्या शेकडो इमारती आज समाजकेंद्र, संग्रहालय, कलादालन म्हणून चालू आहेत. आपल्याकडे याहून जवळचं उदाहरण बडोद्याचं. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा गोपाळ सयाजीराव महाराज झाला, आणि त्यानं १९१०मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून राज्यभर वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. खेड्यातल्या वाचनालयासाठी तत्त्व सोपं: एक हिस्सा गावानं जमवायचा, एक प्रांत पंचायतीनं द्यायचा, एक सरकारनं. गावानं आपला हिस्सा काढला नाही, तर बाकीचे दोन येत नाहीत. आज आमदार निधीतून सभामंडप येतो तेव्हा गावाचा हिस्सा फक्त नारळाचा असतो. म्हणून मंडपाला पुढच्या वर्षी रंग लावायचीही जबाबदारी कोणाची नसते.

समाजकेंद्राचा एक धोका इथेच सांगून टाकतो. हॉल झाला की भाडं सुरू होतं, भाडं सुरू झालं की साखरपुडे येतात, साखरपुड्याला पुस्तकांची कपाटं अडचण होतात, आणि दोन-तीन वर्षांत पुस्तकं जिन्याखाली जातात. भाडं वाईट नाही; पगार त्यातूनच निघू शकतो. पण कोणत्या वेळी काय, हे घटनेत लिहून ठेवलं पाहिजे, नोटीस बोर्डावर नाही. सकाळी सहा ते दहा आणि रात्री सात ते अकरा अभ्यासिका. फॅक्टरीच्या पाळ्या आणि कॉलेजच्या वेळा पाहिल्या तर याच वेळी मुलं मोकळी असतात. दुपारी बारा ते चार बायकांसाठी, कारण घरातून निघणं त्याच वेळात जमतं: बचत गटाची बैठक, बँकेचे फॉर्म, आरोग्य तपासणी, आणि मासिकं. चार ते सहा शाळेतली मुलं. हॉलचं भाडं फक्त रविवारी. असं वेळापत्रक पाळणाऱ्या इमारतीला दोन माणसं लागतात, एकावर भागत नाही. आणि त्यातली एक बाई असावी, नाहीतर दुपारची वेळ कागदावरच राहील.

अभ्यासिकेवर नाक मुरडणारे ग्रंथप्रेमी मला अनेकदा भेटतात. 'ही मुलं आपली पुस्तकं आणतात, वाचनालयाची वाचत नाहीत' ही त्यांची तक्रार. असू दे. जुन्या काळीही अनेक जण पुस्तकांसाठी नाही, वर्तमानपत्रासाठी येत होते. माणूस रोज उंबरा ओलांडतो, एवढंच वाचनालयाला हवं असतं. खासगी अभ्यासिकेत महिन्याला जी फी पोरं भरतात, तिच्या निम्मी जरी इथे घेतली तरी ड वर्गाच्या अनुदानाएवढी रक्कम वर्षात उभी राहू शकते. गावातल्या शिक्षकांनी बसून हा हिशेब एकदा मांडावा. जिथे पन्नास मुलं फी भरून बसतात, तिथला संडास बंद पडला की कार्यकारिणीला दुसऱ्याच दिवशी कळतं; नुसत्या निधीवर चालणाऱ्या इमारतीत तो वर्षभर बंद राहतो.

मग काम सुरू कुठून करायचं? वरणगावसारख्या गावात एखादी जुनी इमारत हाताशी असेल, तर माझा क्रम असा राहील. पहिल्या उन्हाळ्यात फक्त छप्पर आणि पन्हाळी. भिंतीला हात लावायचा नाही, तिला एक पावसाळा कोरडी राहू द्यायची. त्याच काळात चेंज रिपोर्ट, सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा, सभासद यादी. दुसऱ्या वर्षी वीज. जुन्या इमारतीत आगीचं पहिलं कारण म्हणजे लाकडावरून खिळ्यांनी ठोकलेली उघडी वायर. मग संडास, पाणी, आणि जोत्याला एका बाजूनं उतार, म्हणजे म्हाताऱ्यांना आणि चाकाच्या खुर्चीला आत येता येईल. चुन्याचा गिलावा तिसऱ्या वर्षी, आणि तेव्हा गावातल्या आयटीआय झालेल्या चार-सहा पोरांना त्या गवंड्याच्या हाताखाली ठेवायचं, म्हणजे पुढची डागडुजी करणारे हात गावातच राहतील. फॅक्टरीतून निवृत्त झालेले फिटर, सुतार, इलेक्ट्रिशियन या पट्ट्यात गल्लोगल्ली आहेत. त्यांना सल्लागार समितीत शोभेला न बसवता कामाच्या देखरेखीवर नेमावं. दरवाजाची बिजागरी का कुरकुरते, हे त्यांना समितीतल्या बाकी कोणापेक्षा जास्त कळतं. पुस्तकांची नवी खरेदी सगळ्यात शेवटी. ग्रंथपाल मात्र पहिल्या महिन्यापासून. छप्पर उघडं असेल तर शेजारच्या शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून त्यानं वर्तमानपत्रं मांडावीत, पण वेळ चुकवू नये. लोकांची सवय मोडली तर तिला जोडणारा गवंडी मिळत नाही.

नगर परिषदांच्या १९६५च्या कायद्यात बागा, सभागृहं आणि ग्रंथालयं बांधणं-चालवणं हे 'ऐच्छिक' कर्तव्यांत मोडतं. गटारं आणि दिवाबत्ती सक्तीची, वाचनालय इच्छेवर. इच्छा दाखवायची तर ती अंदाजपत्रकात दिसावी लागते, आणि नगर परिषदेचं अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या सुमाराला सभेपुढे येतं. त्यामुळे तयारी त्याच्या काही महिने आधीच हवी. ज्यांना गावात असं केंद्र हवं आहे, त्यांनी इमारतीच्या नकाशाआधी एक साधा अर्ज घेऊन मुख्याधिकाऱ्यांना भेटावं: वाचनालयाच्या दोन कर्मचाऱ्यांच्या वार्षिक मानधनासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावं. अर्जाबरोबर अभ्यासिकेसाठी नाव नोंदवलेल्या मुलामुलींची यादी सह्यांसह जोडावी, आणि पोच घ्यायला विसरू नये.